पाहुणीने वाटलेले कपडे

आमच्या लाँड्रीत दुपारी एकदा वाफ धरली की समोरचं माणूस अर्धंच दिसतं. पाहुणी पहिल्यांदा आली ती अशीच, आधी चपला, मग झग्याची किनार, मग दोन हात, आणि चेहरा सगळ्यात शेवटी. मला वाटलं कोणीतरी चुकून शिरलंय. मी नेहमीच्या आवाजात विचारलं, काय पाहिजे? माझा नेहमीचा आवाज म्हणजे भांडणाचा आवाज, असं इस्त्रीवाले काका म्हणतात. ते माझे सख्खे चुलते. वडील गेल्यापासून लाँड्री माझी आणि इस्त्री त्यांची, अशी आमची वाटणी आहे. मला फ्रॉकात असल्यापासून ओळखतात, त्यामुळे त्यांच्या म्हणण्याकडे मी फारसं लक्ष देत नाही.

तिच्या मागून संस्थेची ताई आली. ही ताई बोलताना मान इतकी डोलावते की समोरच्याला नाही म्हणायला जागाच उरत नाही. मनोरुग्णांच्या इस्पितळातून बऱ्या झालेल्या, पण घरचं कोणी न्यायला न आलेल्या बायकांसाठी तिची संस्था एक घर चालवते. तिथल्या बायकांना ती कुठे कुठे कामाला चिकटवते. माझ्याकडची आधीची बाई माझ्याशी भांडून गेली होती, तिच्या आधीचीही भांडूनच गेली होती, आणि ताईला ते बरोबर कळलेलं होतं. मी म्हटलं, ठेवते, पण कौतुक वगैरे मला जमणार नाही. ताईने मान डोलावली.

संध्याकाळी काम संपलं की बाकीचे लोक पिशवी उचलतात आणि चालू लागतात. ही दारात थांबायची. हात एकमेकांत धरून म्हणायची, "येऊ मी? छान झालं सगळं." जसं काही मी तिला जेवायला बोलावलं होतं. शिवाय कोणी बस म्हटल्याशिवाय बसायची नाही, आणि पाणी हवं असलं तरी माठाकडे नुसती बघत उभी राहायची. काकांनी तिला पाहुणी म्हणायला सुरुवात केली, आणि मग तेच राहिलं. ती मला सिस्टर म्हणायची. मी कोणाचीही सिस्टर नाही, असं तिला कितीदा तरी सांगून पाहिलं. ती "बरं सिस्टर" म्हणायची, मग मी नाद सोडला.

तिची हकीकत ताईने मला तुकड्यातुकड्यांनी सांगितली. मुलगी लहान असताना हिची झोप उडाली. रात्ररात्र भिंतीशी बोलत बसायची, दिवसा पोरीला अंघोळ घालून पुन्हा अंघोळ घालायची, पुन्हा कपडे घालायची, पुन्हा काढायची. नवऱ्याने इस्पितळात नेलं. तिथे ती बरी झाली. बरी होऊन पुष्कळ वर्षं झाली होती, पण बऱ्या झालेल्या माणसाला न्यायला कोणीतरी यावं लागतं. नवरा आधी येईनासा झाला, मग जगातूनच गेला. मुलीला आत्याने वाढवलं. ऐकता ऐकता मला कोणाला तरी चांगलं फैलावर घ्यावंसं वाटलं, पण समोर ताईच होती आणि तिचा काही गुन्हा नव्हता.

काम तिला बेताचंच यायचं. घडी सुरेख, पण सावकाश. वाळत घालायला मागच्या अंगणात गेली की परत यायचं नाव नाही. त्या अंगणात आम्ही लॉजच्या चादरी घालतो, एकामागे एक दोऱ्यांवर. वारा पडलेला असला की त्या सरळ उभ्या राहतात आणि अंगणाच्या पांढऱ्या खोल्या होतात. पाहुणी त्या खोल्यांमधून हिंडायची. मी हाक मारत मागे गेले की कुठल्यातरी चादरीपलीकडून तिचा आवाज यायचा, "सिस्टर, ही खोली बघा, इथे ऊन चांगलं आहे." मी तावातावाने चादरी बाजूला करत तिच्याकडे निघायचे, आणि खरं सांगायचं तर एकदोनदा मलाच वाट सापडेना. चोहीकडे पांढरं, वर आभाळ, निळीचा वास, आणि कुठेतरी जवळच ती गुणगुणतेय. राग कशाचा आला होता तेच आठवेना. मग मी उगीच एक चिमटा उचलून आत यायचे, तेवढ्यासाठीच गेले होते असं दाखवत.

घड्या घालताना ती तिकडचं, इस्पितळातलं बोलायची, पण तक्रारीच्या सुरात नाही. अंघोळीच्या दिवशी वॉर्डात धुतलेल्या कपड्यांचा ढीग यायचा. कपडे कोणाचेच नसायचे. आज जो तुझ्या अंगात, तो पुढच्या खेपेला तिच्या. सुरुवातीला खेचाखेची व्हायची, बोचकारे निघायचे. मग तिथल्या बाईंनी वाटपाचं काम हिला दिलं. ही ढिगापाशी बसायची, समोर येणारीकडे नीट बघायची आणि एक कपडा काढून द्यायची. काय बघायचीस, असं काकांनी विचारलं तर तिला सांगता येईना. बघायचं आणि द्यायचं, एवढंच म्हणाली. तिच्या वाटपावरून कधी भांडण झालं नाही.

मी म्हटलं, आपल्याकडे तसं चालत नाही बरं का. तिला जवळ घेऊन आमची पद्धत दाखवली. प्रत्येक गिऱ्हाइकाचा एक रंग. कपडा आला की कॉलरच्या किंवा नेफ्याच्या आतल्या बाजूला त्या रंगाचा दोरा टाचायचा, दोन टोकं लोंबती ठेवायची. वडिलांची पद्धत आहे. हेडमास्तरांचा निळा, दातांच्या डॉक्टरांचा हिरवा, बसच्या ड्रायव्हरचा लाल, गाण्याच्या मास्तरांचा पिवळा. कपडा धुवून, वाळून, इस्त्री होऊन आला की रंग बघायचा आणि ज्याच्या त्याच्या कप्प्यात ठेवायचा. तिने सगळं मन लावून ऐकलं. मग विचारलं, म्हणजे हे सगळे आधीपासूनच कोणाकोणाचे आहेत? हो म्हटलं. आणि ते लोक तेच तेच घालतात? हो. तिने कपाटातल्या कप्प्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाली, "बिचारे." काकांनी इस्त्री उभी करून ठेवली आणि तोंड फिरवून हसले.

इकडे ताईने मुलीचा पत्ता लावला. आत्याने मुलीला लहानपणी एवढंच सांगितलं होतं की आई आजारी आहे, तिला भेटायचं नसतं. काही वर्षं मुलीने विचारलं, मग विचारायचं सोडलं. आता ती औषधांच्या दुकानात कामाला होती, लग्न झालेलं, घरात लहान मूल. ताई तिला जाऊन भेटली. एकदा संस्थेच्या घरापर्यंत येऊन, बाहेरूनच परत गेली. मग तिने निरोप दिला की मला तिला असं रुग्णासारखं बसलेलं बघवणार नाही, कामावर बघेन. काही महिने धड काम करत असेल, कोणाला त्रास नसेल, तर घरी नेण्याचा विचार करेन.

हे पाहुणीलाही माहीत होतं. ताईने मुलीचा फोटो आणला तर तिने तो पालथा घातला. तोंड नको दाखवू म्हणाली, तोंड मी आठवणीतलं ठेवलंय. फक्त उंची विचारली. मग दिवसभर दाराच्या चौकटीपाशी जाऊन हात कुठे टेकतो ते बघत होती. ते मला बघवेना, म्हणून मी काकांवर ओरडले की कोळसा किती जाळता.

मुलगी सोमवारी येणार असं ठरलं. आणि त्याच्या आधीच्या शनिवारी माझी दाढ दुखायला लागली.

शनिवार आमचा कपडे न्यायचा दिवस. पण दाढेपुढे इलाज चालेना. काकांना दुकान सांभाळायला सांगितलं, पाहुणीला सांगितलं की कप्प्यातले कपडे जरा आवरून ठेव, आणि दातांच्या डॉक्टरांकडे गेले. दवाखान्यात त्यांच्याऐवजी त्यांचा मदतनीस होता. डॉक्टर स्वतः कपडे आणायला माझ्याच दुकानाकडे गेलेले. मग ते परतले. त्यांनी सुई टोचली, माझा अर्धा चेहरा पार झोपी गेला, आणि तोंड उघडं ठेवून मी छताकडे बघत असताना मला दिसलं की डॉक्टरांच्या अंगात लाल फुलांचा सैल शर्ट आहे. मी त्यांना आयुष्यात पांढऱ्याशिवाय बघितलेलं नव्हतं. मला वाटलं, औषध डोक्यात गेलं. दाढ निघाली. डॉक्टर काहीतरी गुणगुणत होते.

बाहेर रस्त्यावर आले. पाय कापसावर पडल्यासारखे पडत होते. ऊन मऊ झालं होतं, आणि आमचा रस्ता मी रोज बघते तोच होता, पण काहीतरी हललं होतं. गाण्याचे मास्तर समोरून आले ते ड्रायव्हरचं खाकी जाकीट घालून, खांदे मागे टाकून, रस्ता स्वतःचा असल्यासारखे. थांब्यावर बस उभी होती. ड्रायव्हरच्या अंगात बारीक रेघांचा पांढराशुभ्र शर्ट, आणि तो एका म्हातारीचा हात धरून तिला पायरीवरून उतरवत होता. फुलवाली कोणा वकिलाच्या काळ्या कोटात बसली होती आणि फुलं विकायची सोडून नुसती त्यांच्याकडे बघत होती. कोणी कोणाला हसत नव्हतं. सगळं इतकं शांत, की मी भिंतीला हात लावून उभी राहिले. अर्धं तोंड बधिर, डोळे पाणावलेले, आणि मनात असं येत होतं की असंच राहू दे थोडा वेळ, कोणी बोलू नका.

मग मला त्या पांढऱ्या शर्टाची कॉलर ओळखू आली. हेडमास्तरांचा शर्ट. ती खळ मी स्वतः केली होती.

तळपायाची आग मस्तकात गेली. धावतच दुकानात शिरले. काका आतल्या खोलीत इस्त्री करत होते. त्यांना वाटलं होतं मीच तिला कपडे द्यायला सांगून गेलेय. कप्पे रिकामे. काउंटरमागे पाहुणी उभी होती, केस नीट विंचरलेले, चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी मनाजोगं काम झाल्याचं समाधान. मला बघताच तिने मूठ पुढे केली आणि उघडली. हातात रंगीत दोऱ्यांचा गुंता होता. निळे, हिरवे, लाल, पिवळे.

"सगळे काढले, सिस्टर. एकही राहिला नाही."

मला ओरडायचं होतं. आयुष्यात इतकं ओरडावंसं कधी वाटलं नव्हतं. पण जीभ लाकडाची झाली होती आणि ओठाचा एक कोपरा ऐकतच नव्हता. जे निघालं ते एखाद्या बाळाच्या तोंडून निघावं तसं. दोरे का काढलेस, असं मी म्हणाले असावे. तिने ते समजून घेतलं. गंभीर होऊन, आवाज खाली आणून म्हणाली, "लोंबता दोरा दिसला की काढायचा आणि सिस्टरच्या हातात द्यायचा. नाहीतर कोणीतरी गाठी मारून मारून लांब करतं. आमच्यातल्या एकीने केला होता, खिडकीच्या गजापर्यंत."

मी ते नीट ऐकलंच नाही, रागात होते. आवरताना तिने सगळे कपडे एका ढिगात काढले होते, रंग गेल्यावर कप्प्यांना अर्थ नव्हता, लोक दाराशी येऊन उभे होते, मग तिने तिला येत होतं ते केलं. समोरच्याकडे बघितलं आणि दिलं. आणि गंमत म्हणजे लोकांनी घेतलं. काहींनी जागच्या जागी घातलं. हेडमास्तरांनी मात्र घरी जाऊन पुडकं सोडलं, आणि ते त्याच वेळी परत आले. दोन बोटांच्या चिमटीत ड्रायव्हरची झोपायची विजार धरून. इतक्या वर्षांत तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती, असं म्हणाले. मी उत्तर दिलं ते त्यांना कळलं नाही. त्यांचा लोकरी कोट अजून मागे धुवायचा पडला होता. तो सोमवारी घेऊन जातो आणि हिशेब मिटवतो, म्हणजे लाँड्री बदलतो, असं सांगून ते गेले.

मग मी पाहुणीकडे वळले. दाराकडे बोट केलं आणि बोबड्या तोंडाने म्हणाले, जा. उद्यापासून नको.

तिने कामाचा एप्रन काढून त्याची घडी केली, काउंटरवर ठेवली. "येऊ मी" म्हणाली नाही. दाराजवळच्या बाकावर जाऊन बसली, कोणी बस न म्हणता. पाठ ताठ, पाय जुळवलेले, दोन्ही तळवे गुडघ्यांवर. मी काही वेळ कपाटं आपटली. ती तशीच. मी म्हटलं, आता कशाची वाट बघतेस, घरी जा. तिने शांतपणे विचारलं, "गाडी इथेच येईल ना?"

मला आधी कळेना कुठली गाडी. मग कळलं. ती इस्पितळाच्या गाडीची वाट बघत होती. तिच्या लेखी जा म्हणजे परत जा. आणि तिने त्याला हरकतही घेतली नव्हती. नुसती बसली होती, तयार होऊन.  तिने दोऱ्याबद्दल सांगितलेलंही मला तेव्हा ऐकू आलं, इतक्या उशिरा. मी काउंटरमागून बाहेर आले आणि तिच्याशेजारी बाकावर बसले. तिने माझ्या हातात दिलेला दोऱ्यांचा गुंता मुठीत तसाच होता.  आम्ही दोघी रस्त्याकडे बघत बसलो. काकांनी दोन कप चहा आणून ठेवला. चहा संपल्यावर मी म्हटलं, गाडी येणार नाही. कोणतीच गाडी येणार नाही. सोमवारी वेळेवर ये.

रविवारभर काका आणि मी दारोदार फिरलो. काहींनी कपडे देऊन टाकले, काहींनी चार शब्द सुनावून दिले. गाण्याचे मास्तर जाकीट परत करायला स्वतः आले, पण अंगात घालून आले, आणि काढताना जरा रेंगाळले. फुलवालीने वकिलाचा कोट उद्या देते म्हणून सांगितलं. ज्या कपड्यांची ओळख डाग आणि शिवण बघून पटली त्यांना नवे दोरे टाचले, या वेळी टोकं कापून. माझ्या डोक्यात एकच विचार घोळत होता. मुलीला सांगायचं काय? मी उत्तर पाठ केलं. काम उत्तम, स्वभाव गरीब, कोणाला त्रास नाही. काकांसमोर म्हणूनही दाखवलं. काका म्हणाले, तुला खोटं बोलता येत नाही, तू मधेच भांडायला लागतेस.

सोमवारी मुलगी आली. पाहुणी मागे अंगणात होती. मुलगी काउंटरसमोर उभी राहिली, पर्स पोटाशी धरलेली, कोपर अंगाला घट्ट. नखं कापलेली, केस मागे ओढून बांधलेले, शर्टाला घरची इस्त्री, आणि मला सांगायला बरं वाटत नाही पण चांगली इस्त्री. तिने इकडेतिकडे बघितलं नाही. थेट विचारलं की त्या कसं काम करतात, चुका करतात का, खरं सांगा.

मी पाठ केलेलं सुरू केलं. काम उत्तम म्हटलं, आणि तिथेच अडकले. ती इतकं नीट ऐकत होती, तिच्या डोळ्यांत इतकी भीती होती, की तिला खोटं सांगणं म्हणजे तिच्या खिशात हात घालण्यासारखं वाटलं. मग मी सगळं सांगितलं. दोरे, वाटप, डॉक्टरांचा फुलांचा शर्ट, बाक, गाडी, सगळं. काका इस्त्री थांबवून आतल्या खोलीच्या दारात आले होते. सांगून झाल्यावर मी म्हटलं की चूक म्हणायची तर ही चूक, पण तुम्ही जे ठरवाल ते ती अंगणातून आत येण्याआधी ठरवू नका.

मुलगी पांढरी पडली. "माझ्या कामात अदलाबदल झाली तर माणूस जातो," ती म्हणाली. "घरात लहान मूल आहे. मी प्रत्येक गोष्ट जागच्या जागी ठेवते तेव्हा कुठे मला झोप लागते. त्यांना घरी नेऊन मी काय करू, मला खरंच कळत नाही." मग आवाज सावरून म्हणाली की मी विचार करून ताईंना कळवते. असं कळवते म्हणणाऱ्यांचं पुढे काय होतं ते मला माहीत आहे. तिने पर्स खांद्याला लावली.

तेवढ्यात पाहुणी मागच्या दारातून आत आली. वाफेतून आधी तिचे पाय दिसले असतील, मग झगा. मुलगी वळली आणि थिजून उभी राहिली. पाहुणीने तिच्या तोंडाकडे बघितलंच नाही. तिची नजर मुलीच्या खांद्यांवर गेली, अंगाला चिकटवलेल्या कोपरांवर गेली, पोटाशी आवळलेल्या हातांवर थांबली. बराच वेळ थांबली. मग ती वळली आणि आतल्या खोलीत गेली.

"ओळखलं नाही," मुलगी म्हणाली. कोणाला म्हणाली कोण जाणे. ती दाराकडे निघाली, आणि मी तिला थांब म्हणायला तोंड उघडलं तर आतून पाहुणी आली. तिच्या हातात हेडमास्तरांचा लोकरी कोट होता. सकाळीच काकांनी त्याला शेवटची इस्त्री मारली होती, कॉलरच्या आत निळा दोरा होता, मालक संध्याकाळी यायचा होता. मी बोलणार होते. देवाशपथ बोलणार होते.

तिने मुलीला मागून गाठलं आणि कोट तिच्या खांद्यांवर टाकला. मुलगी दचकली. बाहेर रणरणतं ऊन होतं, दुकानात वाफ, आणि हा गुडघ्यापर्यंतचा काळा कोट. हा माझा नाही, असं ती म्हणाली. पाहुणीने ऐकलं नाही. तिचा एक हात धरून बाहीत घातला, मग दुसरा, लहान मुलाचा घालतात तसा, आतून बोटं ओढून. मग समोर येऊन बटणं लावायला लागली. तिकडच्या कपड्यांना बटणं नसायची, त्यामुळे तिची बोटं अडखळत होती. एक बटण सुटायचं, ती पुन्हा लावायची. सगळ्यात खालचं आधी, मग वरचं, मग त्याच्या वरचं.

"किती वेळ अशी उभी आहेस," पाहुणी म्हणाली. "केवढी गारठलीस."

मुलगी हलली नाही. पर्स खांद्यावरून घसरून खाली पडली होती, तिने ती उचलली नाही. पाहुणीची बोटं गळ्यापर्यंत पोचली, शेवटचं बटण कॉलरखाली होतं, तिला ते दिसेना. आणि तेव्हा त्या बाईने, औषधाची एक गोळी इकडची तिकडे होऊ न देणाऱ्या त्या मोठ्या बाईने, हनुवटी वर केली. डोळे मिटून, मान मागे टाकून, आईला बटण लावता यावं म्हणून. कोणी सांगितलं नव्हतं. तिलाही ते कळलं नसावं. बटण लागलं तरी ती तशीच उभी होती, हनुवटी वर, आणि तिच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळत होतं.

काका नाक शिंकरायला आत गेले. मी काउंटरवरचा कुठलातरी कपडा उलगडून पुन्हा घडी घातली. मला रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

"उकडतंय, आई," मुलगी म्हणाली. पण कोट काढला नाही. पाहुणीने खाली वाकून पर्स उचलली, झटकली, आणि तिच्या हातात न देता स्वतःच्याच खांद्याला लावली. मग दोघी दारातून बाहेर पडल्या. रस्त्यावरची माणसं वळून बघत होती, भर उन्हात गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या त्या कोटाकडे. मुलीने कोणाकडे बघितलं नाही. कोपऱ्यावर पोचेपर्यंत तिने आईचं बोट धरलेलं मला दिसलं, की आईने तिचं, ते एवढ्या लांबून सांगता येत नाही.

संध्याकाळी हेडमास्तर आले. कोट तयार आहे का, म्हणाले. मी म्हटलं, नाही, अजून वाळायचा आहे. त्यांनी मान वळवून बाहेरच्या कडक उन्हाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, लोकरीला वेळ लागतो.